मगरीचे दात आणि मधाचं पोळं : दोन प्रसिद्ध उदाहरणांचा इतिहास



मागच्या लेखात आपण संशोधन साहित्याचा आढावा, म्हणजे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, कशासाठी करायचा ते बघितलं. त्यात एक मुद्दा घाईत उरकला होता : मूळ संदर्भापर्यंत जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आज तोच मुद्दा दोन प्राण्यांच्या मदतीने सविस्तर बघू. एक आहे नदीकाठचा पक्षी आणि दुसरा आहे बॅजरसारखा दिसणारा सस्तन प्राणी. दोघांची एकमेकांशी कधी गाठ पडत असेल असं नाही. पण पुस्तकांमध्ये मात्र ते शेजारी शेजारी राहतात, आणि त्याचं कारण आहे ‘सहजीवन’ हा धडा.

तुम्हीही हे कुठेतरी वाचलंच असेल. मगर तोंड उघडून पडते, एक छोटा पक्षी बिनधास्त आत शिरतो, दातांत अडकलेलं मांस खातो. पक्ष्याचं पोट भरतं, मगरीचे दात साफ होतात. दुसरं उदाहरण हनीगाईड नावाच्या पक्ष्याचं. तो ओरडत ओरडत हनी बॅजरला मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत नेतो, बॅजर पोळं फोडून मध खातो, आणि उरलेलं मेण पक्ष्याला मिळतं. दोन्हीकडे दोघांचा फायदा. परीक्षेत दोन मार्कांना अगदी फिट्ट बसणारी उदाहरणं.

आता प्रश्न असा की हे कुणी पाहिलं? कधी पाहिलं? कुठे लिहून ठेवलं? हे विचारायला लागलो की दोन्ही उदाहरणांचा इतिहास उलगडायला लागतो. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला अगदी सारखे दिसणारे हे दोन इतिहास शेवटी वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. ते का, हाच आजचा खरा विषय.

आधी ओळख : दोघांचीही नावं फसवी

पक्ष्याचं नाव इजिप्शियन प्लोव्हर, शास्त्रीय नाव प्लुव्हियानस इजिप्टियस. साधारण २० सेंटिमीटर लांबीचा, पाठ राखाडी, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पोट फिकट नारिंगी. प्लोव्हर म्हणजे आपल्याकडे ज्यांना चिखल्या म्हणतात ते पक्षी. लिनियसने १७५८ मध्ये यालाही चिखल्यांच्याच प्रजातीत टाकलं होतं. पण तो खरा चिखल्या नाही. आज त्याला स्वतःचं वेगळं कुल दिलेलं आहे, आणि त्या कुलात तो एकटाच आहे. नावातलं ‘इजिप्शियन’सुद्धा आता नावापुरतंच उरलंय. तो आज सहाराच्या दक्षिणेला, पश्चिम आफ्रिकेपासून इथिओपियापर्यंतच्या नद्यांच्या वाळवंटात राहतो.

दुसरा प्राणी म्हणजे हनी बॅजर किंवा रॅटेल, शास्त्रीय नाव मेलिव्होरा कॅपेन्सिस. १७७६ मध्ये श्रेबरने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दिसायला बॅजरसारखा, नखं बॅजरसारखी, जमीन उकरायची सवयही तशीच. पण युरोपातल्या बॅजरचा हा सख्खा नातेवाईक नाही. त्याच कुलातली ही एक स्वतंत्र शाखा आहे. हा प्राणी फक्त आफ्रिकेत नाही. अरबस्तान, इराण, तुर्कमेनिस्तान आणि थेट भारतातही आहे. महाराष्ट्रातही आहे. आपल्याकडे बातम्यांमध्ये त्याला ‘चांदी अस्वल’ म्हणतात, पाठीवरच्या पांढुरक्या पट्ट्यामुळे. हा भौगोलिक तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

जळवा कुठे गेल्या?

मगरीच्या गोष्टीचं सगळ्यात जुनं लिखित रूप हेरोडोटसच्या इतिहासात सापडतं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. त्याचं म्हणणं असं की मगर नाईलच्या पाण्यात राहते म्हणून तिच्या तोंडात जळवा भरतात. ती काठावर येऊन वाऱ्याच्या दिशेला तोंड उघडते, तेव्हा ‘ट्रोखिलस’ नावाचा पक्षी आत शिरून जळवा खातो. मगरीला बरं वाटतं म्हणून ती त्याला इजा करत नाही.

याच वर्णनात हेरोडोटस असंही सांगतो की मगरीला जीभ नसते आणि ती खालचा जबडा हलवत नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मगरीला जीभ असते, फक्त ती तोंडाच्या तळाला चिकटलेली असते. शिवाय पॉर्फिरी नावाच्या नंतरच्या लेखकाने तर आरोपच केला की मगरीची शिकार, पाणघोडा आणि फिनिक्स पक्षी यांबद्दलचा मजकूर हेरोडोटसने हेकाटियस या आधीच्या लेखकाकडून उचलला आहे. म्हणजे आपला ‘पहिला साक्षीदार’ किती स्वतः पाहिलेलं सांगतोय आणि किती ऐकलेलं, हे पहिल्याच पायरीवर धूसर आहे.

आता पुढची पायरी बघा. शंभरेक वर्षांनी ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात हीच गोष्ट येते. पण आता त्यात जळवा नाहीत, पक्षी मगरीचे *दात* साफ करतो. मगरीला तोंड मिटायचं असलं की ती आधी मान हलवून पक्ष्याला सूचना देते, हा नवीन तपशीलही आलाय. पुढे रोमन लेखक प्लिनी गोष्टीत आणखी भर घालतो. दात साफ होताना सुखावून मगर झोपी जाते, आणि ती संधी साधून मुंगूस तिच्या घशात शिरतो आणि पोट कुरतडून बाहेर पडतो! शिवाय प्लिनी म्हणतो की या पक्ष्याला इटलीत पक्ष्यांचा राजा म्हणतात. हे वर्णन जातं रेन नावाच्या झुडपात राहणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याकडे, त्याचा नाईलच्या वाळूशी काही संबंध नाही.

थोडक्यात, एकच वाक्य तीन जणांकडून गेलं आणि तीन वाक्यं झाली. जळवांचे दात झाले, दातांमागून मुंगूस आला, आणि पक्षी बदलला. नवीन निरीक्षण कुणी केल्याचं मात्र कुठेही दिसत नाही. साहित्याचा आढावा घेताना ही खूण ओळखायला शिका : तपशील वाढत जातात, पण निरीक्षणं वाढत नाहीत.

ट्रोखिलस म्हणजे नेमका कोणता पक्षी?

ग्रीक शब्दाचा अर्थ साधारण ‘धावणारा’. आता नदीकाठी धावणारे पक्षी काय थोडे आहेत? तुतवार धावतो, चिखल्या धावतो, टिटवी धावते. हेरोडोटसने रंग, आकार, आवाज काहीच सांगितलेलं नाही. (लिनियसने तर ट्रोखिलस हे नाव अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांना देऊन टाकलं, म्हणजे नावाचा माग काढायचा तर आणखीच पंचाईत!)

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला एतिएन जॉफ्रॉय सेंत-इलेर याने. १७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर शास्त्रज्ञांचा मोठा ताफा नेला होता, त्यातला हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ. त्याने ट्रोखिलस म्हणजे लिनियसचा तो इजिप्तचा चिखल्या असं ठरवलं. पण एक अडचण होती. नाईलमध्ये मगरीच्या तोंडात जळवा काही सापडेनात. मग त्याने ग्रीक शब्दाचा अर्थच बदलला : जळवा नव्हेत, मगरीच्या तोंडावर बसणारे डासांसारखे कीटक.

इथे जरा थांबा. हेरोडोटस बरोबरच असणार हे आधी गृहीत धरलंय, आणि मग त्यात बसेल असा पक्षी आणि असे कीटक शोधलेत. पुरावा गोष्टीला तपासत नाहीये, गोष्ट पुराव्याला वळवून घेतेय. आजही आपल्यातले कितीतरी जण गृहीतक आधी लिहितात आणि आकडे त्यात बसवतात, त्याचाच हा जुना नमुना.

एकदा पक्ष्याला नाव मिळालं की गोष्ट पक्की झाली. इंग्रजीत तो ‘क्रोकोडाइल बर्ड’ झाला. जर्मन भाषेत तर त्याचं नाव आजही ‘मगरीचा पहारेकरी’ असंच आहे. आता पक्ष्याच्या नावातच निष्कर्ष आहे म्हटल्यावर शंका कोण घेणार?

‘मी स्वतः पाहिलं’ म्हणणारा साक्षीदार

तुम्ही म्हणाल, कुणीतरी पाहिलं असेलच की! हो, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात ‘आम्ही पाहिलं’ म्हणणारे काही जण भेटतात. त्यांतलं एक नाव रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश लष्करी अधिकारी, पक्षीतज्ज्ञ म्हणून मोठा दबदबा, आणि मरेपर्यंत (१९६७) त्यांचा शब्द म्हणजे पुरावा. साहजिकच त्यांनी पाहिलं म्हटल्यावर गोष्टीला वजन आलं.

पण १९९० च्या दशकात त्यांच्या पक्षीसंग्रहाची तपासणी सुरू झाली आणि भलतंच बाहेर आलं. त्यांनी संग्रहालयांमधून दुसऱ्यांनी गोळा केलेले नमुने चोरले होते, आणि त्यांवर खोट्या तारखा आणि खोटी ठिकाणं लिहून स्वतःच्या नावावर खपवले होते. एखाद-दुसरा नव्हे, मोठ्या प्रमाणावर.

आणि इथे गोष्ट थेट आपल्या खानदेशात येते. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाही दिसलेलं नव्हतं, अपवाद फक्त एक : माइनर्ट्झहागेन यांचा नमुना, ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी हे ठिकाण होतं. पामेला रॅस्मुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. तेव्हा लक्षात आलं की हा तर जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी आहे, पुन्हा टाके घालून, नवीन चिठ्ठी लावून तयार केलेला. म्हणजे मांडवीची नोंद खोटी, आणि तिच्यावर विसंबून केलेला शोध चुकीच्या जागी. मग खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा सापडला. एकशे तेरा वर्षांनी!

मला विचाराल तर संशोधनातल्या प्रामाणिकपणावर कितीही व्याख्यानं ऐकण्यापेक्षा हे एक उदाहरण पुरेसं आहे. खोटा संदर्भ नुसता कागदावर पडून राहत नाही. तो माणसांना चुकीच्या जंगलात पाठवतो. आणि एखादा पक्षी खरोखर संकटात असेल तर मधली वाया गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

मगरीच्या गोष्टीबद्दल बोलायचं, तर या माणसाची साक्ष आपण बाजूला ठेवली पाहिजे. उरलेल्या साक्षी जुन्या आणि तुरळक आहेत. विसाव्या शतकात नाईल मगरींवर अनेक वर्षं चाललेले अभ्यास झाले, पण पक्षी तोंडात शिरून दात साफ करतो याचा ठोस पुरावा त्यांतून आला नाही. आज जगभर खिशाखिशात कॅमेरा आहे, तरी विश्वासार्ह फोटो नाही. इंटरनेटवर फिरणारे फोटो बनवलेले असतात. शिवाय मुळात मगरीला दात साफ करून घ्यायची फारशी गरजही दिसत नाही. तिचे दात एकमेकांपासून लांब असतात आणि आयुष्यभर पडून नवे येत राहतात.

दरम्यान खरा पक्षी काय करत होता?

या सगळ्या गडबडीत खुद्द पक्ष्याकडे कुणी नीट बघितलंच नव्हतं. ते काम केलं टॉमस हॉवेल यांनी. इथिओपियात गांबेला इथे बारो नदीच्या वाळूत बसून त्यांनी या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि १९७९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

त्यांना जे दिसलं ते मगरीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अजब आहे. हा पक्षी अंडी वाळूत पुरतो. दुपारी वाळू तापली की नर आणि मादी पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंड्यांवरच्या वाळूवर बसून ती ओली करतात. अंडी उकडू नयेत म्हणून ही सगळी धावपळ. पिल्लं बाहेर आल्यावरसुद्धा धोका दिसला की आई-बाप त्यांच्यावर वाळू टाकून त्यांना झाकतात, आणि ऊन असेल तर तिथेही पाणी आणून टाकतात. पोट भिजवून अंडी थंड ठेवायची पद्धत आपल्या टिटवीतही आढळते. त्यामुळे उन्हाळ्यात तलावाच्या काठी टिटवी वारंवार पाण्यात बसून परत जाताना दिसली, तर जरा थांबून बघा.

हेरोडोटसपासून दोन हजारांहून जास्त वर्षं लोक या पक्ष्याला मगरीच्या तोंडात शोधत राहिले, आणि तो काठावर वाळू भिजवत बसला होता.

आता रॅटेलकडे वळू

रॅटेलची गोष्ट त्या मानाने नवी आहे. हनीगाईड *माणसांना* पोळ्याकडे नेतो ही माहिती जुनी. जुआंव दुश सांतुश नावाचे पोर्तुगीज मिशनरी सोळाव्या शतकाच्या शेवटी आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला इथे होते. चर्चमधल्या मेणबत्त्यांचं मेण खायला एक छोटा पक्षी येतो आणि तोच पक्षी लोकांना पोळी दाखवतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. १६०९ मध्ये त्यांचं पुस्तक छापलं गेलं. (पुढे त्यांचा मृत्यू आपल्या गोव्यात झाला.)

यात रॅटेल आला तो अठराव्या शतकात. अँडर्स स्पारमान हा स्वीडिश निसर्ग अभ्यासक, लिनियसचा विद्यार्थी. १७७५-७६ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात प्रवास केला. १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हनीगाईडचं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि हनीगाईड रॅटेललाही वाट दाखवतो ही गोष्ट त्याच्याच लेखनातून युरोपभर पसरली. पण ती त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. खोईखोई लोक आणि डच वसाहतवाले जे सांगत ते त्याने लिहिलं. रॅटेल संध्याकाळी डोळ्यांवर पंजाची सावली धरून माश्या कुठल्या दिशेला जातात ते बघतो, हीसुद्धा त्याने दिलेली ऐकीव माहिती!

पुढचा साचा तुमच्या ओळखीचा आहे. एकाने दुसऱ्याचं घेतलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. १९५५ मध्ये हर्बर्ट फ्रीडमन यांनी हनीगाईडवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तर असा विचार मांडला की हनीगाईडची ही सवय मुळात रॅटेलबरोबर विकसित झाली असावी आणि माणूस नंतर त्यात सामील झाला असावा. म्हणजे आता ऐकीव गोष्टीवर उत्क्रांतीचा सिद्धांतही उभा राहिला.

मग १९९० मध्ये डीन, सीगफ्रीड आणि मॅकडोनाल्ड या तिघांनी एक छोटा पण झणझणीत लेख लिहिला. मुद्दा सरळ होता : आम्हाला एकाही शास्त्रज्ञाचं खात्रीचं निरीक्षण दाखवा. रॅटेल बऱ्याच ठिकाणी रात्री फिरतो, हनीगाईड दिवसा. दोघांची भेट होणार कधी? याला आपणही एक मुद्दा जोडू शकतो. मघाशी सांगितलेला भूगोल आठवा. माणसांना वाट दाखवणारा मोठा हनीगाईड फक्त आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडचं चांदी अस्वल त्याच्याशिवाय मध शोधतंच ना? (हिमालयात हनीगाईडची एक वेगळी जात आहे, तीही मेण खाते. पण वाट दाखवणारा म्हणून ती ओळखली जात नाही.) म्हणजे रॅटेलला या पक्ष्यावाचून अडतं असं तरी नक्कीच नाही.

इथपर्यंत आल्यावर कुणालाही वाटेल, चला, दोन्ही गोष्टी एकाच माळेचे मणी. दोन्ही दंतकथा. लेख संपला.

पण इथेच घाई करायची नाही.

माणसं काय सांगतात ते विचारलं का?

हनीगाईड आणि *माणूस* यांच्या नात्याचं काय झालं ते आधी बघू. तीही ऐकीव गोष्टच होती. पण ती कुणीतरी मोजून बघितली. केनियाचे हुसेन इसाक आणि त्यांचे सहकारी हाइन्झ-उलरिश रायर यांनी उत्तर केनियातल्या बोरान लोकांबरोबर काम करून १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. अनोळखी भागात एक पोळं शोधायला पक्ष्याशिवाय सरासरी ८.९ तास लागत, पक्षी बरोबर असला तर ३.२ तास. २०१६ मध्ये क्लेअर स्पॉटिसवूड यांनी कोलीन आणि कीथ बेग यांच्याबरोबर मोझांबिकमधल्या नियासा अभयारण्यात याओ लोकांची खास हाक तपासली. ती हाक दिली की पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर जाते. म्हणजे स्थानिक लोक पिढ्यान् पिढ्या जे सांगत होते ते तंतोतंत खरं निघालं.

मग हेच लोक रॅटेलबद्दल काय म्हणतात? हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो थेट २०२३ मधल्या अभ्यासात. केप टाउन विद्यापीठाच्या जेसिका व्हान डर वाल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ब्रायन वुड यांच्या पुढाकाराने नऊ आफ्रिकी देशांतल्या ११ समाजांमधल्या सुमारे ४०० मध गोळा करणाऱ्यांना विचारण्यात आलं. बहुतेकांनी, म्हणजे जवळपास ८० टक्के लोकांनी, असं काही पाहिलेलं नाही असं सांगितलं. पण टांझानियातल्या तीन समाजांची उत्तरं वेगळी होती. त्यांतल्या हाडझाबे लोकांपैकी तर ६१ टक्के लोकांनी आपण हनीगाईड आणि रॅटेल यांना एकत्र पाहिल्याचं सांगितलं.

या आकड्यांकडे नीट बघा. लोक डोळे झाकून जुनी कथा सांगत असते तर सगळीकडे ‘हो, हो’ आलं असतं. तसं झालं नाही. बहुतेक ठिकाणी स्पष्ट ‘नाही’ आलं, आणि जे ‘हो’ आलं ते एका भागात एकवटलेलं. हाडझाबे लोक अनवाणी किंवा साध्या चपलांवर, धनुष्यबाण घेऊन, गाजावाजा न करता जंगलात फिरतात. जीप घेऊन गेलेल्या संशोधकाला जे दिसणार नाही ते त्यांना दिसू शकतं. हा पुरावा पुरेसा आहे का? नाही. कॅमेऱ्याने टिपलेलं किंवा थेट नोंदवलेलं निरीक्षण अजून हवंच. पण ‘कुणीच पाहिलेलं नाही’ हे १९९० मधलं वाक्य आता तसंच्या तसं लिहिता येत नाही. त्यातला ‘कुणीच’ म्हणजे खरं तर ‘कुठल्याही शास्त्रज्ञाने’ असा होता.

एकच साचा, दोन निकाल

आता दोन्ही इतिहास शेजारी ठेवू.

दोन्हीकडे सुरुवात प्रवाशाने ऐकलेल्या गोष्टीपासून. दोन्हीकडे मोठ्या नावामुळे गोष्टीला वजन आलं. दोन्हीकडे पुस्तकांनी एकमेकांची नक्कल केली, आणि विसाव्या शतकात दोन्हींवर शंका घेतली गेली. इथपर्यंत साचा एकच.

फरक कुठे आहे? मगरीच्या बाबतीत पक्षी नेमका कोणता हेच ठरलेलं नाही, गोष्टीतले तपशील दर पिढीत बदलत गेले, एक महत्त्वाचा साक्षीदार खोटारडा निघाला, आणि मगरींचा भरपूर अभ्यास होऊनही पुरावा मिळाला नाही. रॅटेलच्या बाबतीत दोन्ही प्राणी नक्की माहीत आहेत, त्या पक्ष्याची वाट दाखवायची सवय माणसांबरोबर सिद्ध झालेली आहे, आणि ज्यांना दिसण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे त्यांच्यातल्या काहींनी पाहिल्याचं सांगितलंय. म्हणून मी पहिल्या गोष्टीला ‘पुरावा नाही, उदाहरण म्हणून वापरू नये’ असं म्हणेन. दुसरीला ‘काही भागांत शक्य आहे, सिद्ध व्हायचं आहे’ असं.

विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला दोन सवयी लागतात आणि दोन्ही आळशी आहेत. पहिली, छापलं आहे म्हणजे खरं. दुसरी, ऐकीव आहे म्हणजे खोटं. पहिल्या सवयीमुळे मगरीचा पक्षी पुस्तकात टिकून राहिला. दुसरीमुळे हाडझाबे लोकांना रॅटेलबद्दल विचारायला २०२३ उजाडलं. दुसरी सवय जास्त धोक्याची, कारण ती वैज्ञानिक दृष्टिकोनासारखी दिसते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पेट परीक्षा झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण आहात. तुमच्या विषयातलं एखादं ‘सर्वांना माहीत असलेलं’ वाक्य घ्या आणि त्याला हे प्रश्न विचारा :

१. हे वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं? ज्याचा संदर्भ दिलाय त्याने स्वतः निरीक्षण केलंय की तोही दुसऱ्याचा संदर्भ देतोय? किमान तीन पायऱ्या मागे जा.

२. मागे जाताना तपशील बदलतात का? जळवांचे दात झालेत का?

३. ज्या वस्तूबद्दल किंवा प्राण्याबद्दल बोलतोय ती प्रत्येक लेखात तीच आहे का, की फक्त नाव सारखं आहे?

४. दहा लेख एकाच मूळ लेखावर उभे असतील तर तो पुरावा दहा नाही, एक आहे. मूळ मोजा, फांद्या नाही.

५. ‘पुरावा नाही’ असं म्हणताना कुणी, कुठे आणि किती शोधलं ते लिहा. न शोधता न सापडणं आणि शोधून न सापडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

६. ज्यांचा या गोष्टीशी रोजचा संबंध आहे, शेतकरी, कोळी, गुराखी, नर्स, मशीन चालवणारे, त्यांना कुणी पद्धतशीर विचारलंय का? विचारलं नसेल, तर कदाचित तुमचा प्रबंधाचा विषय तिथेच आहे.

हे करायला वेळ लागतो हे खरं. एका वाक्यामागे कधी आठवडा जातो, जुना लेख मिळत नाही, मिळाला तर भलत्याच भाषेत असतो. गाईड विचारतात, ‘एवढ्याशा वाक्यासाठी?’ पण हॉवेल यांनी एका पक्ष्यासाठी बारो नदीच्या तापलेल्या वाळूत बसून जे बघितलं, ते त्याआधीच्या सगळ्या ग्रंथांमध्ये मिळून नव्हतं.

पुढच्या लेखात आपण जुने लेख आणि गॅझेटियर मोफत कुठे वाचायला मिळतात आणि त्यांतून शोध कसा घ्यायचा, ते बघू. तोवर एक वाक्य निवडा आणि मागे जायला लागा.